अलेक्झांड्रियाचे भाटवे

अख्खं भिलाई पोलादावर जगतं. पण गंजावर जीव ओवाळून टाकणारा माणूस गावात एकच निघाला आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. ताईचे यजमान, म्हणजे आमच्या बोलीत माझे भाटवे. त्यांची उभी नोकरी प्लांटच्या प्रयोगशाळेत पोलादाचे नमुने तपासण्यात गेली. तिथं एक तांबडा ठिपका दिसला की हे गृहस्थ अख्खी शिफ्ट डोक्यावर घेत, आणि सेक्टर सहामधल्या क्वार्टरात आले की हात धुऊन, चष्मा पुसून, तांब्याच्या तुकड्यांवरचा हिरवा थर तासन् तास न्याहाळत बसत. हे तुकडे म्हणजे रोमन साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांतली नाणी. खुद्द रोमची नाणी त्यांना चालत नसत. "रोमची कोणीही जमवते," ते नाक मुरडून म्हणत, जसं काही सेक्टरच्या बाजारात ती भाजीवाल्याकडे पडलेलीच असतात. यांना हवी अँटिओकची, अलेक्झांड्रियाची. तिथल्या कारागिरांनी सम्राटाचं तोंड आपापल्या मगदुराप्रमाणं पाडलेलं आणि भोवती ग्रीक अक्षरं.

अँटिओकचा बाजार कुठं भरत होता, नदी कुठून वाहत होती, सगळं त्यांना तोंडपाठ. मात्र उतईला पुतण्याच्या लग्नाला मला स्कूटरवर मागं बसवून निघाले, ते थेट उलट्या दिशेला रसमड्याच्या एका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे. चौकीदाराला रस्ता विचारायचा सोडून "हे गाव कधी वसलं?" असं विचारत बसले. आम्ही लग्नात पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या.

माझ्या भाचीला पाहायला पाहुणे आले, तेव्हाही पोहे बाजूला आणि नाणी पुढं. नाणं कडेनंच धरायचं, मध्ये बोट लावायचं नाही, म्हणून मुलाच्या वडिलांना त्यांनी तीनदा हटकलं. ते बिचारे कंटाळून म्हणाले, "पण हे आता चालते का कुठं?" झालं. पाहुणे जिना उतरायच्या आत भाटव्यांनी निकाल दिला, "या घरी पोरगी नाही द्यायची." ताईनं कपाळाला हात लावला. लग्न पुढं तिथंच झालं, हा भाग वेगळा.

ताई या सगळ्या खजिन्याला सरळ भंगार म्हणायची. "पाय तं खरं, किती सुंदर आहे," असं भाटवे सुरुवातीला तिला बोलावून, नाणं पुढं धरून म्हणत. ही कढईतून मान वर करत नसे. पुढं त्यांनी बोलावणंच सोडलं.

गेल्या दिवाळीनंतर रायपूरला नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. भाटव्यांना पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं आणि त्याची सगळी शान एकाच नाण्यावर होती. अलेक्झांड्रियाचं, दाढीवाल्या सम्राटाचं, अठराशे वर्षांचा शेवाळी थर जसाच्या तसा. जाणकार मंडळी आधी तो थरच पाहतात. तो गेला की नाण्याला कोणी विचारत नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ताईच्या मनात काय आलं कोण जाणे. घरात इतके जुने पैसे आणि लक्ष्मीपुढं एकही नाही, म्हणून तिनं नेमकं तेच नाणं काढलं आणि समया-ताम्हणांबरोबर चिंच-राखेनं लख्ख घासलं. भाटवे अंघोळ करून आले, त्यांनी पूजेच्या थाळीत पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"आता दिसते ना तुमच्या राजाचं तोंड?" ताई कौतुकानं म्हणाली. "रायपूरले हेच न्या. मीही येते पाहाले."

आता घर दणाणणार म्हणून फराळाला आलेला मी हळूच चपला शोधू लागलो. भाटवे एवढंच म्हणाले, "दिसते. छान दिसते."

आणि खरंच तेच नेलं. टेबलाच्या मधोमध ते चकचकीत नाणं, शेजारी नवी साडी नेसून ताई, मागं सामान उचलायला मी. नागपूरचे एक बडे जाणकार भिंग घेऊन वाकले आणि ताडकन सरळ झाले. "कोण्या गाढवानं धुतलं हे? सत्यानाश केला याचा."

ताईचा हात पदराशी गेला. तेवढ्यात भाटवे पुढं झाले. "मीच धुतलं, साहेब. अक्कल चालली नाही माझी."

आसपासची मंडळी हसली. त्या टेबलाशी मग दिवसभर कोणी फिरकलं नाही.

परतीच्या गाडीत कुम्हारी स्टेशन मागं पडलं. मग ताई हळूच म्हणाली, "मले कावून नाही सांगितलं?"

भाटवे खिडकीबाहेर पाहत होते. "तीस वर्षांत पहिल्यांदा हात लावला तू त्याले," ते म्हणाले. "काय सांगणार होतो मी?"

आयुष्यभर या माणसाची थट्टा केली मी. त्या दिवशी समोरच्या बाकावर बसून मला त्यांच्याकडे बघवेना.