मोटारीची शिंगं

चनमल्लप्पा माणसांशी मराठीत बोलायचा आणि बैलांशी कानडीत. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, "बैलाला एकदा सांगितलं की कळतं. चांगली भाषा त्याच्यासाठी ठिवावी." मंद्रूपच्या पलीकडं, भीमेच्या अंगाला त्याचं गाव. तिथल्या काळ्या रानात त्याची पांढरी जोडी तास धरून निघाली की वाटसरू बांधावर उभा राहायचा. "निल्लो," एवढंच तो हळूच म्हणायचा. निल्लो म्हणजे थांब, हे ज्याला ठाऊक नाही त्यालाही बैलांकडं बघून कळायचं.

ज्येष्ठी पौर्णिमेला, कारहुणवीच्या सणाला, त्या गावात वेशीवर लिंबाच्या पाल्याचं तोरण ताणतात. त्याला म्हणतात कर. रंगवलेल्या शिंगांचे बैल गावाबाहेरून पळत येतात. ज्याचा बैल पहिल्यांदा कर तोडून आत शिरेल, त्या घराला वर्षाचा मान. नियम एकच, पण कडक. बैल आपल्या मनानं पळाला पाहिजे. चाबूक नाही, टोचणी नाही. चनमल्लप्पाच्या बापापासून हा मान त्यांच्याच घरात मुक्कामाला असल्यासारखा होता.

बहात्तरच्या दुष्काळात वैरण संपली. जोडी डोळ्यांदेखत खंगण्यापेक्षा दुसऱ्याच्या दावणीला जगलेली बरी, म्हणून त्यानं ती माळशिरसकडच्या एका बागायतदाराच्या हवाली केली आणि बायकोला, गंगम्माला घेऊन सोलापुरात आला. तिथं त्यानं भुसाराची आडत घातली. ती चांगली चालली. इतकी, की त्यानं एका डॉक्टरची जुनी पांढरी मोटार घेतली. पांढरीच का घेतली, ते गंगम्माला न सांगता कळलं.

मोटार तो बैलासारखीच हाकायचा. थांबायची जागा दिसली की लांबूनच वेग सोडायचा, तोंडानं "निल्लो, निल्लो" म्हणायचा आणि अगदी शेवटी, रीत म्हणून, ब्रेकवर पाय ठेवायचा. गाडी थांबली की टपावर शाबासकीची थाप. शेजारी गंगम्मा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून, डोळे मिटून बसलेली असायची. "ह्यास्नी वाटतंय ती ऐकती," ती शेजारणीला सांगायची, "आन् मी देवाला सांगत असते, म्हणून थांबती."

पंचाहत्तर साली सण तोंडावर आला असताना गावाकडून धाकटा भाऊ सिद्धप्पा आला. पाणी पिऊन झालं तरी तो मान वर करीना.

"अण्णा, औंदा करीला तुमी येऊ नका."

"का रं?"

"बसलिंगप्पा गौडा म्हणत्यात, ज्याच्या दावणीला बैल न्हाय त्यानं वेशीत येऊन काय करायचं? आपलं घर करीतनं उठलं म्हणं."

चनमल्लप्पाच्या हातातला अडकित्ता थांबला. बैल गेले तेव्हा तो रडला नव्हता. गाव सुटलं तेव्हाही नाही. पण करीतनं घर उठलं म्हणजे गावात घर होतं याचीच खूण पुसली.

"गौडास्नी सांग, मी मोटार आणतो."

"मोटार काय बैल हाय व्हय?"

"बैल न्हाय तर काय म्हैस हाय?"

सिद्धप्पा गेला आणि गौडांचा, म्हणजे गावच्या पाटलांचा, निरोप घेऊन परत आला. गौडा लई हसले होते. आणि हसलेला माणूस थोडा उदार होतो. मोटार आणा म्हणाले. पण सगळ्या बैलांच्या मागं, चालीनं. चनमल्लप्पानं मुद्दाम पुढं काढली तर त्या घराचं नाव करीत पुन्हा निघायचं नाही.

"मागं तर मागं," चनमल्लप्पा म्हणाला. "पण वेशीतनं जाणार ती नटून जाणार."

सणाच्या आदल्या दिवशी सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घराच्या अंगणात त्यानं हिंगूळ खलायला घेतला. शिंगांना लावतात तो लालभडक रंग, जवसाच्या तेलात कालवून. पण मोटारीची शिंगं कुठली? तो सकाळभर गाडीभोवती फिरला. दिव्यांना लावावा तर रात्री दिसायचं नाही. मग त्यानं जॅक लावून पुढचं एक चाक काढलं. आत परातीसारखा लोखंडी ड्रम होता, गंजलेला, ओशाळल्यासारखा. चाकाच्या भोकांतून तोच डोकवायचा. चनमल्लप्पाला आपली शिंगं सापडली.

"पुढच्याच दोन चाकांचे रंगवणार?" गंगम्मानं विचारलं.

"शिंगं पुढंच असत्यात."

ड्रम उपसून काढायला दुपार झाली. त्यानं ते राखेनं घासले, पुसले आणि बाहेरून रंगवले. रंग असा खुलला की गंगम्माही दोन पावलं पुढं आली. मग त्यानं ड्रम उलटा केला. आतला गोल कठडा गुळगुळीत होता, घासलेल्या ताटासारखा चमकत होता. ब्रेक दाबला की आतल्या पट्ट्या ह्याच कठड्याला घट्ट धरतात आणि चाक थांबतं, एवढी साधी गोष्ट. पण चनमल्लप्पाला मोटार थांबते कशानं हे ठाऊक होतं. त्याच्या शब्दानं.

"आत कशाला? कोण बघतंय?" गंगम्मा म्हणाली.

"गंगे, माझ्या बापानं शिंग कधी अर्धं रंगवलं न्हाय. मुळापासनं शेंड्यापातुर. अर्धा रंग म्हणजे बैलाची फसवणूक."

आणि त्यानं आतूनही दोन हात दिले. रंग वाळल्यावर, शिंगांना करतात तसं, एरंडेलाचं बोट सगळीकडं फिरवलं. आत जरा जास्तच, कारण आत जागा जास्त होती.

सणादिवशी मोटार गावाकडं निघाली. सपाट रस्ता, मोकळं रान, पेरणीच्या वाटेकडं डोळे लावलेली काळी माती. मंद्रूपपाशी मेंढरं आडवी आली. ब्रेक दाबला तेव्हा गाडी नेहमीपेक्षा जरा उशिरा थांबली. मागच्या चाकांनी कसंबसं निभावलं. "सणाचा हुरूप हाय तिला," चनमल्लप्पा म्हणाला. गंगम्मानं लिंग आणखी घट्ट धरलं.

त्या गावाला जायची वाट शेवटी उताराची आहे. उताराच्या पोटात बैल ओळीनं उभे, अंगावर झुली, शिंगांना गोंडे. पुढं वेस आणि वेशीवर हिरवी कर. हलगी वाजली की बैल सोडायचे; ती अजून वाजायची होती. चनमल्लप्पाला बैलांच्या शेपट्यांमागं गाडी उभी करायची होती, बस.

"निल्लो," तो म्हणाला.

मोटार चालत राहिली.

"निल्लो, निल्लो!" त्यानं ब्रेक दाबला, मग पाय रोवून दाबला. पुढचे ड्रम, एरंडेलात पाय घसरावा तसे, पट्ट्यांतून निसटत राहिले. मागचे एकटे काय धरणार? "अय्यो शिवा!" गंगम्मा ओरडली, आणि तिच्या ओरडण्यानं हलगीवाला दचकला, त्याची काठी हलगीवर पडली. बैल शहाणे. ते पळायच्या ऐवजी दोन्ही अंगांना फाकले. माणसांनी त्यांचं बघून तेच केलं. मधून पांढरी मोटार, "निल्लो, निल्लो" अशा आरोळीसकट वेशीत शिरली, कर तोडली, गळ्यात लिंबाचा पाला घातला आणि पुढच्या उकिरड्यात नाक खुपसून उभी राहिली.

कुणाला लागलं नव्हतं. म्हणून गाव आधी हसलं आणि मग चिडलं.

"मागं राहतो म्हणाला आन् पुढं घातली!" शिवप्पा गरजला. औंदा त्याचाच बैल पुढं होता. "फसवलं ह्यानं!"

बसलिंगप्पा गौडा काठी टेकत आले.

"चनमल्लप्पा, वेशीत उभा हायस, खरं सांग. तू मुद्दाम पळवलीस?"

चनमल्लप्पाला प्रश्नाचं वजन कळलं. होय म्हटलं तर तो मोठा हिकमती गाडीवान ठरणार आणि घर कायमचं उठणार. नाही म्हटलं तर घर राहील, पण ज्याच्या एका शब्दावर बैल थांबायचे त्याला स्वतःची मोटार आवरली नाही, हे गाव पिढ्यान् पिढ्या सांगत बसणार. त्यानं सिद्धप्पाकडं बघितलं. सिद्धप्पा जमिनीकडं बघत होता.

"न्हाय गौडा," तो म्हणाला. आवाज खाली आला. "लई थांब म्हणलं. ऐकलंच न्हाय तिनं माझं."

"चाबूक?"

"न्हाय."

"टोचणी?"

"न्हाय. उलट पाय मोडंस्तोवर ब्रेक दाबला."

"मी देवाची आण घेऊन सांगते," गाडीतून गंगम्मा म्हणाली, "ह्यांचं कायबी चाललं न्हाय."

गौडांनी मिशीवरून हात फिरवला. "मालक आडवत असताना आपल्या मनानं पळाली. मग नियमानं बैलच की. मान चनमल्लप्पाच्या घराचा. आन् पांढऱ्यानं कर तोडली की ज्वारी पिकती; ही पांढरी हाय, औंदा ज्वारी पिकणार."

शिवप्पा म्हणाला, "आन् चाकाच्या आतलं ते लाल काय हाय?"

"त्याचं आपण नंतर बघू," गौडा म्हणाले.

मानाचा बैल आपल्या पायांनी घरापर्यंत जातो, मालक कासरा धरून पुढं चालतो. मोटार आपल्या पायांनी जाईना. मग शिवप्पाच्याच बैलांनी ती उकिरड्यातून ओढली. चनमल्लप्पा डोक्याला मानाचा फेटा, हातात बंपरला बांधलेला कासरा, अनवाणी पुढं चालला. हलगी कडाडत होती. लोक हसत होते आणि गुलालही टाकत होते; कुठलं किती, ते त्यानं बघितलं नाही.

आत गंगम्मा एकटीच, टेकून बसली होती. दोन्ही हात मोकळे होते. मोटार घेतल्यापासून पहिल्यांदाच ती डोळे उघडे ठेवून खिडकीतून गाव बघत होती.