जानकीबाईची सही
गाळात उतरणाऱ्या बाईने साडी गुडघ्यावर खोचायची नाही, तर काय डोक्याला गुंडाळायची? सांगा की!

भिवपुरीकडच्या जानकीबाईने तीस वर्षं अशीच साडी खोचून भाताची लावणी केली. कुणी नाक मुरडलं नाही. परवा कर्जतजवळच्या एका रिसॉर्टमध्ये कमळाच्या तळ्यातला गाळ काढायला तशीच उतरली, तर पोहायला आलेल्या एका पाहुण्याने तक्रार केली. पाहुणा स्वतः चड्डीवर होता, ते सोडा.

सुपरवायझर किशोरने मॅनेजरसाहेबांचा इंग्रजी कागद पुढे केला. "माफीनामा हाय मावशी. सोमवारपर्यंत सही कर, नायतर काम बंद."

"माजं काय लिवलंय रं ह्यात?"

"ल्यूड. म्हणजे... असंच कायतरी."

"असंच म्हणजे कसंच?"

किशोर कान खाजवत निघून गेला.

घरी सून दर्शनाने मोबाइलवर शब्द शोधला आणि मोबाइल पालथा घातला. "वंगाळ हाय, आई. अश्लील. वासनेचं."

जानकीबाईने कमरेवर हात ठेवला. "गाळ उपसताना गं? कंबर मोडली माजी, वासना कुठनं आली?"

रविवारी ती मालतीबाईंकडे गेली. कर्जतच्या शाळेत त्यांनी इंग्रजी शिकवण्यात जन्म काढलेला. त्यांनी जाडजूड कोश उघडला. "जुन्या इंग्रजीत अर्थ वेगळाच होता, जानकीबाई. जो धर्मगुरू नाही तो, साधा माणूस. पुढे अडाणी. मग हलका, गावंढळ. आणि शेवटी अश्लील."

"म्हणजे पोथीवाल्यांनी बाकीच्यांना ठेवलेलं नाव?"

"जवळजवळ."

असली चिकटवलेली नावं तिच्या सासऱ्यांनी छप्पन्न साली जुन्या धर्मासकट टाकून दिली होती. त्यातलंच एक इंग्रजीतून परत आलं? अडाणी म्हणत असतील तर सही करावी. चौथी नापास ती आहेच. वंगाळ म्हणत असतील तर जीव गेला तरी नाही.

"साहेबाच्या मनात कुठला अर्थ हाय?"

"आजचाच. वाईट."

"मग जुना सांगितलात कशाला?"

मालतीबाईंनी कोश मिटला.

सोमवारी तिने कागद बिनसहीचाच परत दिला. "मराठीत लिवून आण. तळ्यात उतरली, साडी खोचली, गाळ काढला. तेवढ्यावर सही करते."

किशोर कागद घेऊन आत गेला, तो अजून बाहेर आलेला नाही. जानकीबाई तळ्याकाठी बसून आहे. गाळ अर्धाच निघालाय, आणि साडी खोचावी की सोडावी, तिला कळत नाही.

तुम्ही त्या बाजूला पोहायला जाणार असाल, तर कपडे बदलण्याआधी किशोरला एवढं विचारा: मराठी कागद झाला का?