छातीवर मंत्री

ज्या माणसाविरुद्ध तुम्ही पत्रकं वाटलीत, त्याचाच हसरा फोटो छातीवर घेऊन भर गर्दीत कधी उभे राहिलात का? मी राहिलोय. भाचीमुळे.

आमच्या घरात पोरांना खाऊच्या आधी पत्रकं मिळत. वडील ती लिहायचे आणि मी ती वाचत वाचत अक्षरं शिकलो. माझा 'ज' जहाजाचा नव्हता, 'जाहीर निषेधा'चा होता. त्यामुळे जवळच्या शहरात नव्या एसटी गाड्यांचं लोकार्पण मंत्र्यांच्या हस्ते होणार असल्याचं कळताच मी काळा शर्ट इस्त्रीला टाकला.

भाची त्याच शहरात अकरावी सायन्सला आहे. अमडापूरच्या पुढे तिचं गाव. संध्याकाळची एसटी बंद झाल्यापासून ती काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून घरी यायची, कधी कधी पार अंधारात. शेवटी तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, निकाल दिला होता, "गाडी नाई, त कॉलेज नाई."

"मंत्र्यानं हिरवी झेंडी उचलली, की आपण घोषणा द्यायच्या," मी तिला वाटेत समजावलं.

"मामा, मले गाडी पाहिजे. घोषणा तुले पाहिजेत."

मैदानाच्या गेटवर काळ्या वस्तूंचा ढीग पडला होता. स्कार्फ, छत्र्या, कुणाच्या तरी लेकराचे मोजे. कुणी काळं फडकावून निषेध करू नये म्हणून पोलीस जे काळं दिसेल ते काढून घेत होते. एक म्हातारेबुवा डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरून भांडत होते, "लग्नातबी हेच टोपी होती माह्या डोक्यावर! तवा कोनाचा निषेध केला म्या?"

हवालदारानं माझ्याकडे बोट केलं. "भाऊ, शर्ट."

मी संविधानावर बोलायला सुरुवात केली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "संविधान आत चालते भाऊ. काळा शर्ट चालत नाई."

मी परत फिरणार होतो. पण भाची आधीच गेटच्या आत गेली होती आणि तिथून माझ्याकडे बघत होती. मी शर्ट काढला. बनियनला बगलेत भोक होतं, ते अख्ख्या तालुक्यानं पाहिलं.

"थांब," म्हणून ती पळाली आणि कार्यकर्त्यांच्या खोक्यातून पांढरा टी-शर्ट घेऊन आली. त्यावर मंत्र्यांचा फोटो आणि खाली 'आपला माणूस'.

"हा मी घालणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मंग उलटा घाल."

मी उलटा घातला. कापड इतकं पातळ, की मंत्री आतूनही हसत होते. हवालदार धावत आला. "साहेबाले उलटं करता का हो? हा काय नवा निषेध आहे?" मी टी-शर्ट सुलटा केला.

त्या क्षणापासून मी गर्दीच्या मालकीचा झालो. "ओ कार्यकर्ते, इकडं खुर्ची!" "ओ दादा, पोट्ट्याले सू लागली, कुठी नेऊ?" बिल्लेवाल्या एका माणसानं माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांचं खोकं कोंबलं. "स्टेजवर ने, लवकर!" भाचीनं चार बाटल्या उचलल्या आणि माझ्या मागे चढली.

मंत्र्यांसमोर बाटली ठेवताना घोषणा माझ्या घशात तयार होती. त्यांनी माझ्या छातीवरचा स्वतःचा चेहरा पाहिला, खूश झाले, माझ्या पाठीवर थाप मारली. "कामाचा पोरगा आहे!" घोषणा आवंढ्यासोबत पोटात गेली.

तोवर भाची कडेला बसलेल्या एसटीच्या साहेबांसमोर उभी होती.

"साहेब, आमची संध्याकाळची गाडी काऊन बंद केली?"

"रिकामी जात होती, बाई."

"चार वाजता सोडत होते तुमी. आमचं कॉलेज सुटते पाच वाजता. रिकामीच जाईन ना मंग!"

मंत्र्यांनी मान वळवली. "काय म्हणते पोरगी?" तिनं पुन्हा सांगितलं. मग भाषणात मंत्र्यांनी जाहीर केलं, की या लेकीच्या गावाला साडेपाचची गाडी आजपासून सुरू. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात माझेही हात होते. मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, पण ते माझं ऐकेनात.

एसटीच्या साहेबांनी भाचीला हळूच सांगितलं, "महिनाभर पाहतो. रिकामी फिरली त पुन्हा बंद."

परतताना गेटवरच्या ढिगात माझा शर्ट नव्हता. मंत्र्यांना छातीवर घेऊनच मी साडेपाचच्या गाडीत चढलो. टोपीवाले म्हातारेबुवा, टोपीसकट, खिडकीशी बसले होते. तेवढ्यात मोबाईल वाजला. आमच्या पत्रकवाल्यांच्या ग्रुपवर माझा टाळ्या वाजवतानाचा फोटो आणि खाली प्रश्न, "अभिनंदन! पक्षप्रवेश कधी केला?"

भाचीनं फोटो पाहिला. "मामा, चांगला दिसून राह्यला तू पांढऱ्यात."

तिच्या घरी दाजींनी माझ्या छातीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "महिनाभर पाहू," तेही म्हणाले.

म्हणून यावेळी पत्रक छापत नाही, इथेच लिहितो. अमडापूरच्या बाजूला जाणार असाल, तर मोटारसायकल घरी ठेवा, काळी-पिवळीला हात करू नका. साडेपाचच्या एसटीत चढा, तिकीट काढा आणि बसा. खिडकीची जागा मात्र भाचीला सोडा.