गौरीचा ठिपका

गोठ्यात शेण साचतं, पण ते रोज कुणीतरी उचलून नेतं. किस्से साचतात, त्यांचं काय करायचं?

मी जबलपुरात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. महाराजपुरला आमच्या ओळखीच्या नानाकाकांची डेअरी आहे. त्यांचा मुलगा बंगळुरूहून म्हणाला, "दीदी, प्रत्येक गायीच्या दुधाचा चार्ट ठेवू या." काम सोपं होतं. दूध काढणाऱ्याने मोजून आकडा मोबाइलवर टाकायचा, की माझ्याकडे ठिपका उमटायचा. गायीचं नेहमीचं दूध म्हणजे मधली रेषा, तिच्या खाली एक लाल रेषा. ठिपका लाल रेषेखाली गेला की गाय आजारी पडते आहे, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. मी उत्साहाने हो म्हटलं. तेव्हा मला उत्साह असायचा!

*

पहिल्याच आठवड्यात सगळ्या गायींचे सगळे ठिपके मधल्या रेषेवर! असा कळप जगात कुठे नसतो. दूध काढणाऱ्या रामसेवक भैयाला विचारलं, तर तो खुशीत म्हणाला, "दीदी, जिसका कम निकला, उसमें दूसरी का मिला दिया. बेचारी को डाँट क्यों पड़े?"

गायीला कोण रागावणार होतं, देव जाणे.

*

मग गायींच्या गळ्यात पट्टे बांधले. गाय किती चालते, किती रवंथ करते, सगळं माझ्या मोबाइलवर. वसुबारसेला संध्याकाळी मोबाइलवर अख्खा कळप निपचित पडला! मी गढ्यातल्या माझ्या घरून स्कूटर पिटाळत पोचले. गायी झेंडूच्या माळा घालून मजेत उभ्या, पट्टे बादलीत.

"काहून धावत आली बेटा?" काका म्हणाले. "सणाच्या दिवशी काळे पट्टे बरे दिसतात का?"

मला तिथेच रडू आलं. काकांना वाटलं, सणाला माहेरची आठवण आली.

*

काकांच्या मुलाला मात्र चार्ट फार आवडला. "दीदी, जी गाय सारखी लाल रेषेखाली जाईल ना, ती विकून टाकू!"

मी म्हटलं, "अरे, ही रेषा औषधपाण्यासाठी आहे, विकण्यासाठी नाही."

"अच्छा, पण आयडिया चांगली आहे ना?"

कपाळ माझं!

*

गौरी ही गोठ्यातली सगळ्यात म्हातारी गाय. काकू गेल्यापासून काका मराठी बोलत ते मी आले तर माझ्याशी, नाहीतर गौरीशी. मुलाचा विकण्याचा नियम कानावर आला तसं त्यांनी जाहीर केलं, "गौरीचं दूध मीच काढीन, मीच मोजीन." पट्टे सणानंतर कुणी परत बांधलेच नाहीत, आणि हिवाळाभर तिचे ठिपके मधल्या रेषेवर शिस्तीत बसले. डॉक्टरला एकदाही बोलवावं लागलं नाही.

एका सकाळी रामसेवकचा फोन आला. गौरीची कास दगडासारखी झाली होती, अंग तापलेलं, उठता येईना. डॉक्टर म्हणाले, "ये आज का नहीं है. पहले पता चलता तो बच जाती." दुपारी गौरी गेली.

काका तिच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. मी म्हटलं, "काका, घरात चला."

"तू जा बेटा. दूध काढायची वेळ होऊन राहिली."

संध्याकाळी घरी येऊन मोबाइल उघडला. बाकीच्या गायींचे ठिपके आले होते. गौरीचाही आला होता, बरोबर मधल्या रेषेवर.