उसातले पतंग मोजताना

उसातली कीड मोजायला गेलात, की कीड कधी सापडते, कधी नाही. किस्से मात्र हमखास सापडतात! कीड वहीत उतरते, किस्से पोटात साठतात, आणि तुमच्यासारखे ऐकणारे भेटले की राहवत नाही.

मी आणि गोपाळ, दोघंही कंत्राटी कीड-सर्वेक्षक. पिंपळगाव राजाच्या शिवारात उसाच्या पाच प्लॉटमध्ये आमचे खोडकिड्याचे सापळे. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते. त्या वासानं नर पतंग येतात आणि खालच्या प्लास्टिकच्या पिशवीत अडकतात. दर आठवड्याला ते मोजायचे आणि चढउतार ग्राफवर मांडायचा. ग्राफ नीट आला तर पुढच्या हंगामाचं काम, नाहीतर आम्ही दोघं घरी!

*

पहिल्याच आठवड्यात एका प्लॉटचे मालक दिनकरभाऊ यांच्या सापळ्यात चार पतंग, शेजाऱ्याच्या सापळ्यात सतरा. भाऊंचा चेहरा पडला. "आमचा ऊस काय कडू आहे काय?"

पुढच्या खेपेला त्यांच्या पिशवीत एकतीस जीव! चार पतंग, बाकी भुंगे, नाकतोडे आणि एक गोगलगाय. मी चारच लिहिले.

"काऊन भेदभाव करून राह्यल्या, मॅडम? मोजा न सगळ्यायले!"

*

महिन्याभरानं त्याच सापळ्यात खरोखरचे चाळीस पतंग आले. ग्राफला अखेर टोक मिळालं! गोपाळनं बांधावरच उडी मारली, "चाळीस! चाळीस!" मीही टाळ्या पिटल्या.

मागे दिनकरभाऊ उभे होते. "माह्या उसाची वाट लागली, अन् तुम्ही नाचून राह्यले?"

तेव्हापासून आम्ही आधी चेहरे पाडतो, मग मोजतो.

*

एकदा गोपाळ स्टीलच्या डब्यात अळ्या घेऊन जळगाव जामोदहून नांदुऱ्याच्या एसटीत चढला. गाडी खचाखच. शेजारचा म्हणाला, "डबा खाली ठेव न बे, डोक्याले लागते."

"सांडतील न अळ्या!"

अख्खं बाकडं रिकामं झालं. आता गर्दी असली की तो रिकामा डबाच उंच धरून चढतो.

*

पतंग कधी वाढतील याचा अंदाज आम्हाला कामावर ठेवणारे साहेब हवामानावरून बांधतात. दिनकरभाऊंचा अंदाज जास्त बरोबर येतो. एकदा म्हणाले, "पुढल्या हप्त्यात लय येतीन पाहा."

"कशावरून?"

"तुम्ही सुट्टीवर जाऊन राह्यल्या न!"

आणि आले की हो!

*

शमीममावशींच्या प्लॉटवर मात्र सलग चार आठवडे शून्य. चारी बाजूंना पतंग आणि मधेच शून्य! गोळी बदलली, सापळा हलवला, तरी शून्य. साहेबांना वाटलं, आम्ही शेतात न जाताच आकडे लिहितो. फोनवर म्हणाले, "उद्या मी स्वतः येतो. पुढच्या हंगामाचं तिथेच ठरवू." मी घाबरले. घरचं सगळं त्या पगारावर चालतं हो!

सकाळी आम्हाला घेऊन साहेबांची जीप पोहोचली, तर मावशी सापळ्यापाशी उभ्या. पिशवीची गाठ सोडलेली आणि पतंग भुर्र!

"मावशी, हे काय?"

"रोजच सोडतो मी. नवरी आहे म्हणून बोलावता बिचाऱ्यायले, अन् थैलीत कोंडता? हा तं सरासर धोका झाला!"

गोपाळ हसू दाबत उसात शिरला. माझी साहेबांकडे बघायची हिंमत होईना.

साहेबांनी ती रिकामी पिशवी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "मावशी, पुढच्या हंगामाला या प्लॉटवर सापळा लावायला तुमची सही लागेल. द्याल का?"

"देतो न. पण एक शर्त. आतमधी खरी नवरी ठेवा."

साहेबांनी जीपच्या बोनेटवर फॉर्म पसरला, माझ्याकडून पेन घेतलं आणि साहित्याच्या मागणीत शेवटची ओळ भरली: "नवरी – एक नग."