पणजोबांच्या जागचं नाव
सर्वपित्रीला तळलेल्या वड्यांचा वास आला की मला पोलादपूरच्या वरच्या वाडीतली एक म्हातारी आठवते. महाडच्या आमच्या घरी बाबा दरवर्षी कावळ्यासाठी पान ठेवताना पितरांची नावं घेत आणि आजोबांच्या नावानंतर अडकत. आजोबांचा बाप कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पणजीचं लग्न झालंच नव्हतं. पणजीबरोबर भात लावलेली ती एकच बाई आता उरली होती, म्हणून मी कॉलेजात असताना बाबांनी मला सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी तिच्याकडे धाडलं. एसटीतून उतरून ओल्या नाचणीतून चढत गेलो, तर ती पडवीत एकटीच अळूची देठं सोलत बसलेली. मी विचारलं तसे तिचे हात थांबले. "नाव म्हाईत हाय मला, पन सांगनार नाय रे. तुझ्या पनजीनं शपथ घातली हाय. ती म्हनायची, ज्यानं माझ्या पोराला नाव दिलं नाय, त्याला माझ्या पोरानं घास कशाला द्यायचा?" मग तिनं मला भाकरी वाढली आणि पुन्हा देठं सोलायला बसली. घरी येऊन बाबांना तसंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पान ठेवताना मात्र ते अडकले नाहीत. आजोबांच्या नावानंतर त्यांनी पणजीचं नाव दोनदा घेतलं, एकदा आजोबांच्या आईच्या जागी आणि एकदा बापाच्या. आता बाबाही गेले, पान ठेवताना त्यांचंही नाव घ्यावं लागतं. गच्चीत मी एकटाच असतो, ऐकायला कावळ्याशिवाय कुणी नसतं, तरी पणजीचं नाव दुसऱ्यांदा जरा मोठ्यानंच घेतो.