तुपासाठी पाच अक्षरं

आमच्या घरी वरणभातावर तूप फुकट मिळत नसे. माझे वडील, अप्पा, धारवाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि जेवणाच्या वेळी तुपाची वाटी त्यांच्या ताटाशेजारी असायची. ते इंग्रजीतली तीन अक्षरं सांगायचे. समजा ए, आर, टी. ही तिन्ही ज्यात आहेत असा पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द जो सांगेल, त्याच्या भातावर धार. माझा मोठा भाऊ अण्णा ‘चार्ट’ म्हणायचा, अक्का ‘वॉटर’ म्हणायची, आणि मी, सगळ्यांत धाकटी, ‘रॅट’ म्हणून मोकळी व्हायची. मग हशा. आई माझा भात वाढतानाच आधी तळाशी तूप घालायची आणि वरून कोरडा भात दाबायची.

घरात भाषांची वाटणी ठरलेली होती. घरच्यांशी मराठी, बाहेरच्यांशी कन्नड, आणि इंग्रजी फक्त वर्गात आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढं. अप्पांनी ही शिस्त कधी मोडली नाही.

हुशार होती ती दोघं गेली. अण्णा अमेरिकेला, अक्का पुण्याला. मी बिनलग्नाची, तारिहाळच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते, आणि आई गेल्यावर अप्पांना माझ्या नवनगरच्या घरी घेऊन आले. म्हणजे ‘रॅट’वाली मागे राहिली. अप्पांचा मेंदू विरायला लागला तेव्हा मी बिनपगारी रजा घेतली. मॅनेजर भला माणूस, म्हणाला, दिवाळीपर्यंत तुमची जागा कुणाला देत नाही. मला तेवढंच हवं होतं. अण्णा आणि अक्कानं आळीपाळीनं अप्पांना काही महिने न्यावं आणि मी कामावर परत जावं.

आड आलं ते कोडं. फोनवर रोज सकाळी पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा असतो. बरोबर जागी बसलेलं अक्षर हिरवं होतं, चुकीच्या जागचं पिवळं. अण्णानं घरच्या ग्रुपवर हे खूळ आणलं आणि अप्पांना त्यात ओढलं. अप्पांना बटणं दाबता येत नव्हती. ते शब्द सांगायचे, मी दाबायची, आणि तिसऱ्या फटक्यात सगळे चौकोन हिरवे. ते चौकोन मी त्यांच्या नावानं पाठवायची, आणि अण्णा-अक्काचे आले की त्यांना दाखवायची. माझं स्वतःचं कोडं मी कधी पाठवलंच नाही. अप्पांची अंघोळ, त्यांच्या गोळ्या, त्यांचं कोडं, यातून उसंत कुठली?

एकदा सकाळी अप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि अदबीनं म्हणाले, “चहा आतेन्री?” चहा झाला का हो, एवढंच. पण कन्नडमध्ये. जन्मात अप्पा माझ्याशी कन्नड बोलले नव्हते. मग मीही कन्नडमध्येच सांगितलं की झाला, बसा. त्या सकाळीही कोडं तिसऱ्या फटक्यात सुटलं.

मी अण्णाला फोन करून हे सांगितलं. तो हसला. “अगं, कन्नड तर कन्नड. तू उगीच घाबरतीस. आजचं कोडं बघितलंस का? मला पाच फटके लागले, अप्पांना तीन!” अक्का म्हणाली, “वय झालं की थोडं विसरतातच. तू दमलीयस, जरा पडून राहा.” अप्पांनी गॅस नुसताच सोडून ठेवला, तेव्हाही हेच. अप्पा धारवाडच्या बसमध्ये बसून बंद पडलेल्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि तिथल्या पानवाल्यानं मला फोन करून बोलावलं, तेव्हाही हेच. दुरून डोंगर साजरे. माझा जीव टांगणीला, आणि त्यांच्यासाठी हिरवे चौकोन म्हणजे डॉक्टरांचं सर्टिफिकेट.

शेवटी संतापून मी कोडं पाठवायचं बंद केलं. अप्पा हरवले त्या दिवशी या दोघांतल्या कुणाला उलटून विचारायला सवड नव्हती. चौकोन आले नाहीत तर दुपारच्या आत दोघांचे फोन. “कोडं का नाही आलं? अप्पा बरे आहेत ना?” मी म्हटलं, “नाहीत. या आणि डोळ्यांनी बघा.”

आली खरी, दसऱ्यानंतर. अप्पांनी अण्णाला दारात पाहिलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चक्क इंग्रजीत स्वागत केलं. प्रवास कसा झाला, मुलांची तयारी चांगली आहे, आधी सातवीचा वर्ग बघावा. अण्णाचे डोळे भरून आले. “काय इंग्रजी आहे अजून! तू म्हणजे कमाल करतीस, कुठं काय झालंय यांना?” सातवीचा वर्ग त्याला थट्टा वाटला. मी अक्काकडे पाहिलं. तिला कळलं होतं. घरातल्या माणसाशी अप्पा इंग्रजी बोलत नाहीत, आलेल्या साहेबाशी बोलतात, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली आणि पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसली. बोलली असती तर अप्पांना पुण्याला न्यावं लागलं असतं.

जेवताना अण्णानं मुद्दाम तुपाची वाटी अप्पांपुढं ठेवली आणि तीन अक्षरं सांगितली. अप्पांनी शब्दांची माळच लावली. अण्णानं टाळ्या पिटल्या, व्हिडिओ काढला, अमेरिकेला पाठवला. मी स्पष्ट म्हटलं, “अण्णा, ते तुला ओळखत नाहीत. मला कामावर जायचंय. तुम्ही दोघं थोडे थोडे महिने वाटून घ्या.” तो म्हणाला, “इतके छान आहेत ते तुझ्याजवळ. जागा बदलली तर बिघडतील बघ.” ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. सख्ख्या भावाला धूरही दिसत नाही, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. दोघं गेली. दिवाळीच्या आधी मी मॅनेजरला फोन करून सांगितलं, माझी जागा भरून टाका.

आता दुपारी आम्ही दोघंच जेवायला बसतो. परवा अप्पांनी तुपाची वाटी स्वतःकडे ओढली आणि म्हणाले, ए, आर, टी. मी म्हटलं, “हार्ट.” त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. “भाळ शाण्या अदीरि,” म्हणाले. फार हुशार आहात तुम्ही. आणि माझ्या भातावर तुपाची धार धरली. पन्नाशी उलटल्यावर, परकी बाई म्हणून, मी ते तूप कमावलं.

मग ते कन्नडमध्येच आपल्या मुलांबद्दल सांगायला लागले. धाकटीला हे कधी जमलं नाही म्हणाले. तिची आई भाताखाली तूप लपवायची, मला दिसायचं, मी बोलायचो नाही. मी विचारलं, “धाकटी कुठं असते आता?”

अप्पांनी तुपाची वाटी बाजूला सारली. “कुणास ठाऊक,” म्हणाले. “मोठी दोघं रोज सकाळी न चुकता कोडं पाठवतात. धाकटीचं काहीच येत नाही.”